सवलत दिली, पण गणित शिकवले का?

मराठीत ‘सुटे’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांना अगदी लागून राहतात. दुसरीच्या वर्गात दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून झाल्यावर उरलेल्या काड्यांना बाई ‘सुटे’ म्हणतात आणि शाळा सुटल्यावर त्याच मुलाला बसमधला वाहकही ‘सुटे द्या’ असेच म्हणतो. तेवीस म्हणजे दोन गठ्ठे आणि तीन सुटे हे वर्गातले वाक्य आणि तेवीस रुपयांसाठी दहाच्या दोन नोटा व वर तीन रुपये सुटे हा बसमधला व्यवहार, यांत गणित म्हणून काडीचाही फरक नाही. बहुतेक मुलांना हे कोणी सांगावे लागत नाही. पण बौद्धिक अक्षमता, डाऊन सिंड्रोम, स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता यांमुळे ज्यांना शिकताना इतरांपेक्षा अधिक मदत लागते, अशा मुलांच्या मनात वर्गातले सुटे आणि खिशातले सुटे आपोआप जुळत नाहीत. ते कोणीतरी जुळवून द्यावे लागतात, पुन्हा पुन्हा, प्रत्यक्ष जागी नेऊन. आणि आपल्या शाळांमध्ये हे काम नेमके कोणाचे, हे कुठेच ठरलेले नाही. हे काम शाळेचे आहे, ते पहिलीपासून वेळापत्रकात हवे आणि परीक्षेतली सूट हा त्याला पर्याय होऊ शकत नाही, असे माझे म्हणणे आहे.

नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत मी सव्वीस वर्षे गणित शिकवले. माझ्या वर्गात अशी मुले कधी आली नाहीत असे नव्हे. ती मागच्या बाकांवर बसली, फळ्यावरचे सुवाच्य अक्षरात उतरवून घेत राहिली आणि दहावी जवळ आली तेव्हा त्यांच्यासाठी काय करता येईल या माझ्या प्रश्नाला शाळेत एकच उत्तर मिळाले, की सवलतीचा अर्ज भरा. राज्य मंडळाच्या परीक्षेत अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला जास्तीचा वेळ मिळतो, कॅल्क्युलेटर वापरता येतो, बीजगणित आणि भूमितीऐवजी खालच्या इयत्तेच्या पातळीचे अंकगणित घेण्याची सोय आहे. या सवलती पालकांनी आणि डॉक्टरांनी झगडून मिळवल्या आहेत, त्यांच्यामुळे अनेक मुलांच्या हाती दहावीचे प्रमाणपत्र पडले आहे आणि त्यांच्याविरुद्ध मला एक अक्षरही लिहायचे नाही. पण सवलत म्हणजे ‘हे तुला येत नाही, म्हणून आम्ही ते तुला विचारत नाही’ एवढेच सांगणे असते. मग तुला काय येते आणि त्याच्या पुढचे कसे येईल, हा प्रश्न त्या अर्जात कुठेच नसतो. मीही तो विचारला नाही. सही करून मी मोकळी झाले. पुढे तीन-चार वर्षांनी त्यांतल्या एका मुलीची आई मला कॉलेज रोडवर भेटली. मुलगी दहावी उत्तीर्ण होती, परंतु पन्नासची नोट देऊन बत्तीस रुपयांची वस्तू घेतली तर परत किती यायला हवेत हे तिला सांगता येत नव्हते, म्हणून तिला एकटीला कोपऱ्यावरच्या दुकानातही पाठवत नाही, असे त्या माउलीने सांगितले. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि मला अधिक लागले ते त्यामुळेच. निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन सकाळी मी अशा काही मुलांबरोबर बसू लागले, ते त्या भेटीनंतर.

कायद्याचे म्हणाल तर तो अपुरा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता त्यांत आहेत, आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेत डिसकॅल्क्युलियाचा, म्हणजे संख्या आणि आकडेमोड यांच्याशी निगडित अडचणीचा, नावानिशी उल्लेख आहे. कायद्याच्या कलम १६ने मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून तिच्यावर मात करण्यासाठी अध्यापनाचे योग्य उपाय योजणे ही शिक्षणसंस्थांची जबाबदारी ठरवली आहे. कलम १७ अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करायला सांगते. मात्र त्या बदलांची जी उदाहरणे तिथेच दिली आहेत ती अशी : परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट. तिन्ही उदाहरणे परीक्षेची किंवा सूट देण्याची आहेत, शिकवण्याचे एकही नाही. व्यवस्थेने नेमके तेवढेच उचलले याचे आश्चर्य वाटायला नको. सूट द्यायला एक परिपत्रक पुरते. शिकवायला माणूस लागतो, वेळ लागतो आणि तो रोज लागतो.

या सगळ्यामागे एक समजूत आहे, की शाळेतले गणित नीट आले म्हणजे व्यवहाराचे आपसूक येते आणि शाळेतलेच आले नाही तर व्यवहाराचे येण्याची आशा धरू नये. ही समजूत चुकीची असल्याचे बऱ्याच वर्षांपूर्वी दिसून आले आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक बनून विक्रीच्या जागी विचारलेल्या हिशेबांपैकी सुमारे ९८ टक्के त्या मुलांनी अचूक केले. तशीच गणिते नुसती आकडेमोड म्हणून कागदावर दिली तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. आपल्याकडे दिल्ली आणि कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन २०२५ साली प्रसिद्ध झाले, त्यातही हेच आढळले. शिवाय त्यात उलट बाजूही दिसली. शाळेत जाणारी आणि कागदावरचे गणित तुलनेने बरे जमणारी मुले बाजारातल्या हिशेबापुढे अडखळली.

ही काही विशेष गरजा असलेली म्हणून निवडलेली मुले नव्हती. तरीही एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी त्यांच्या उपयोगी पडले नाही. मग ज्या मुलाचे सारे शिक्षण ‘इथे शिकलेले तिथे वापरणे’ याच वळणावर अडते, त्याला वर्गात चौकटी भरायला देऊन तो उद्या किराणा दुकानात हिशेब करील अशी अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो?

मी ज्यांच्याबरोबर बसते त्यांतला एक तेरा वर्षांचा मुलगा खेळण्यातल्या कागदी नोटांनी दुकान-दुकान खेळताना सहसा चुकत नसे. त्याला बुधवारच्या बाजारात गंगाघाटावर नेले तेव्हा पहिल्या दिवशी तो एकही व्यवहार करू शकला नाही, आणि तो का करू शकला नाही हे त्याच्या शेजारी उभे राहिल्याशिवाय मला कधीच कळले नसते. खेळातल्या नोटा कोऱ्या आणि एकसारख्या होत्या. त्याच्या हातातल्या नोटा चुरगळलेल्या आणि दुमडलेल्या होत्या. त्यातून एकाच किमतीच्या दोन तऱ्हेच्या नोटा अजून वापरात आहेत : पन्नासची जुनी नोट जांभळट आहे, शंभरची नवी नोट फिकट जांभळी आहे, आणि आकड्यापेक्षा रंगावरून नोट ओळखणाऱ्या मुलाची तिथेच फसगत होते. खेळात प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी होती. भाजीवालीकडे किंमत लिहिलेली नसते, ती एकदाच आणि भरभर उच्चारली जाते. मागे उभे असलेले गिऱ्हाईक पिशवी पुढे करून उतावीळ झालेले असते. एवढ्या गलक्यात त्या मुलाला जे गणित करायचे होते ते अवघ्या दोन नोटांचे होते. पण त्या गणितापर्यंत पोहोचण्याआधी त्याला चार-पाच वेगळी कामे करायची होती आणि त्यांतले एकही आम्ही त्याला शिकवलेले नव्हते.

मराठी मुलांच्या वाट्याला आणखी एक अडचण येते, जिच्याविषयी आपण फार कमी बोलतो, कारण ती आपल्या भाषेतच आहे. एक ते शंभर या संख्यांची आपली नावे नियमाने तयार करता येत नाहीत, ती जवळजवळ सगळी पाठच करावी लागतात. सदतीस लिहिताना तीन आधी लिहायचे, उच्चारताना मात्र सात आधी ऐकू येतो. त्यामुळे ऐकलेले सदतीस कागदावर त्र्याहत्तर होऊन उतरते. एकोणतीस ऐकताना कानावर तीस पडते, पण संख्या विसाच्या घरातली असते. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ अशी ही एकने कमी करण्याची रीत एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्व्याण्णवला मोडते. बासष्ट आणि बाहत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट ही नावे घाईने बोलली तर मोठ्या माणसाचाही गोंधळ होतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये ऐकलेली गोष्ट क्षणभर मनात धरून ठेवण्याची क्षमता बहुधा कमी असते, पाहिलेले मात्र तुलनेने चांगले त्यांच्या लक्षात राहते. अशा मुलाला ‘सदतीस’ हा शब्द एकदा ऐकवून त्यावर आकडेमोड करायला सांगणे म्हणजे त्याच्या सर्वांत दुबळ्या बाजूवर सगळा भार टाकणे आहे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असे संख्यावाचन आले तेव्हा राज्यभर त्याची खिल्ली उडवली गेली आणि विधिमंडळातही त्यावर टीका झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी या पद्धतीची बाजू मांडली होती, पण ती शांतपणे ऐकून घेण्याची कोणाची तयारी नव्हती. त्या वादात दोन्ही बाजूंनी ‘मराठी मूल’ हा शब्द वापरला जात होता आणि दोन्हींच्या डोळ्यांसमोर एकाच प्रकारचे मूल होते, याची मला आजही खंत वाटते. ज्या मुलांसाठी हा प्रश्न सोयीचा नसून उंबरठा ओलांडण्याचा होता, त्यांचे नाव त्या सगळ्या चर्चेत माझ्या कानावर आले नाही. माझा अनुभव असा, की दोन्ही नावे हवीत आणि त्यांचा क्रम ठरलेला हवा. आधी तीन दहाच्या नोटा आणि सात नाणी समोर ठेवून ‘तीस सात’, मग त्याच नोटा-नाण्यांकडे बोट दाखवून ‘म्हणजे सदतीस’. बाजार कधीही ‘तीस सात’ म्हणणार नाही, त्यामुळे जुने नाव शिकवल्यावाचून सुटका नाही. पण ‘तीस सात’चा पूल न बांधता थेट त्या नावावर उडी मारायला लावले तर ही मुले मधेच पडतात.

याच भाषेने दिलेली एक देणगीही आहे, आणि ती आपण वाया घालवत आहोत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे हे शब्द ज्या भाषेत भाजी घेताना, वेळ सांगताना आणि भाव ठरवताना रोज तोंडात येतात, त्या भाषेतल्या मुलांना अपूर्णांक परके वाटायचे काही कारण नाही. एके काळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत असत. १९५७ साली दशमान नाणी आली, आणे-पै गेले आणि त्यांच्याबरोबर ही पाढ्यांची पद्धतही गेली. ती परत आणावी असे मला वाटत नाही, कारण पाठांतर हीच या मुलांची अडचण आहे. परंतु शब्द टिकले आहेत आणि शब्दांमागच्या वस्तूही टिकल्या आहेत. पाव किलोची दोन वजने एका पारड्यात आणि अर्ध्या किलोचे एक दुसऱ्या पारड्यात ठेवून तराजूचा काटा मध्यावर आलेला ज्या मुलाने स्वतः पाहिला आहे, त्याला ‘दोन पाव म्हणजे अर्धा’ हे पाठ करावे लागत नाही. वहीत एकावर एक आकडे लिहून मध्ये रेघ मारलेला अपूर्णांक त्याला कदाचित कधीच येणार नाही. तरीही ‘पाऊण किलो द्या’ म्हणून तो बरोबर तीन पाव घेऊन घरी येऊ शकतो, आणि हे अपूर्णांकांचे ज्ञान नाही असे म्हणण्याची माझी तरी तयारी नाही.

पैशांच्या बाबतीत विशेष शिक्षक एक युक्ती वापरतात, ती सर्व शिक्षकांना माहीत असायला हवी. किंमत सदतीस असेल तर मुलाने सदतीस रुपये जुळवत बसायचे नाही. किमतीच्या पुढचा दहाचा टप्पा कोणता हे पाहायचे आणि दहाच्या चार नोटा द्यायच्या. बेरीज नाही, वजाबाकी नाही, फक्त ‘तिसाच्या पुढचे’ एवढे कळणे पुरते. उरलेले सुटे परत घेणे ही दुसरी पायरी आणि ते मोजून पाहणे ही तिसरी. पहिली पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरीला हात घालायचा नाही. वर सांगितलेल्या मुलाला पहिल्या पायरीला सात महिने लागले. सात महिने हे ऐकायला फार वाटतात, पण शाळेत त्याची त्याआधीची आठ वर्षे गेली होती. त्या आठ वर्षांत त्याने हातचा घेऊन बेरजांची पानेच्या पाने भरली होती आणि त्यांतली एकही त्याने शाळेबाहेर कधी वापरली नव्हती.

यावर हल्ली हटकून एक प्रश्न येतो, की आता सगळे फोनवरच होते, मग नोटा आणि नाणी शिकवायची कशाला? हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. क्यूआर कोड आल्यापासून भाजीवालीकडेही सुट्यांची कटकट उरलेली नाही आणि काही मुलांना फोनवरून पैसे देणे खरोखरच सोपे जाते. पण पैसे फोनमध्ये गेले तसे ते मुलाच्या हातातून आणि डोळ्यांसमोरूनही गेले. पूर्वी आई पाकिटातून नोटा मोजून काढताना मूल ते शेजारी उभे राहून पाहत असे. आता त्याला दिसते ते एवढेच, की आईने पडद्यावर बोट टेकवले आणि दुकानातल्या पेटीने पैसे मिळाल्याचे सांगितले. ज्याने पैसा कमी होताना कधी पाहिलाच नाही, त्याला खात्यातले पैसे संपतात ही गोष्ट समजावणे फार अवघड जाते. आणि फोनवर चूक महाग पडते. पन्नासच्या जागी पाचशे टाइप झाले तर हातात नोट नसल्यामुळे काही खटकतही नाही. एका शून्याने काय होते हे ज्या गठ्ठ्या-सुट्यांतून कळते, ते फोनच्या काळात अधिकच गरजेचे झाले आहे. कॅल्क्युलेटरचेही तसेच आहे. ते उत्तर देईल, पण मेथीच्या दोन जुड्यांचे चारशे रुपये होत नाहीत हे सांगणार नाही. साधारण किती व्हायला हवे याचा अंदाज ही मुलाच्या मनात रुजवण्याची गोष्ट आहे आणि ती दहा वेळा, वीस वेळा बाजारात उभे राहूनच रुजते.

घरातले गणित तर त्याहून हाताशी आहे, आणि तिथे शाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. मोजणे म्हणजे आकडे क्रमाने म्हणणे नव्हे, हे रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली नीट उलगडून दाखवले. एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम पक्का, आणि शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे सगळे जुळले की मोजणे जमले. पाच वाट्या बरोबर मोजून झाल्यावर ‘मग किती?’ विचारले की पुन्हा एकपासून मोजायला लागणारी मुले मी पाहिली आहेत. शेवटचा आकडा हेच उत्तर असते, हा दुवा त्यांच्याकडे नसतो. हा दुवा जोडायला कुकरच्या शिट्ट्यांइतके चांगले साधन मला अजून सापडलेले नाही. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा असतो. तिथे तिसरी शिट्टी ही नुसती मोजणीतली एक पायरी राहत नाही, ‘तीन झाल्या’ हा निर्णय होतो आणि त्या निर्णयाचा परिणाम लगेच दिसतो. एका वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, माणशी दोन पोळ्या तर चौघांना किती, सकाळची गोळी एक आणि रात्रीची दोन, हे सर्व गणितच आहे. यांतले शेवटचे तर जपून शिकवण्याचे आहे, कारण या मुलांपैकी कित्येकांना फिट्सची औषधे वेळेवर घ्यावी लागतात आणि आई कायम शेजारी असणार नाही.

घड्याळाविषयी एवढेच म्हणते, की ‘किती वाजले’ पेक्षा ‘किती वेळ आहे’ हा प्रश्न जगण्यात अधिक वेळा पडतो आणि आपण शिकवतो मात्र पहिलाच.

आता या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. विशेष गरजा असलेल्या मुलांना व्यवहाराचे गणित शिकवा म्हटले, की ती फक्त भाजी आणि दूध आणण्यापुरतीच आहेत असे आपण ठरवून टाकत नाही ना? हा धोका खरा आहे. डिसकॅल्क्युलिया असलेले एखादे मूल भूमितीत उत्तम असू शकते. स्वमग्न मुलांपैकी काहींना संख्यांची विलक्षण ओढ असते. आणि एकदा ‘याला व्यवहारापुरते पुरे’ असा शिक्का बसला की पुढचे दार कोणी उघडून पाहत नाही. याच नाशिकजवळ देवळालीत द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर आयुष्यभर संख्यांशी खेळले आणि ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्या खेळाचा व्यवहारात काही उपयोग नव्हता, त्यात निखळ आनंद होता. आणि तो आनंद कोणत्याही मुलाला आधीच नाकारण्याचा अधिकार मला नाही, कोणत्याही शिक्षकाला नाही. म्हणून व्यवहाराचे गणित हे इतर गणिताऐवजी शिकवावे असे मी म्हणत नाही. ते सर्वांत आधी यावे, सर्वांना यावे, आणि ज्याची वाट पुढे जाते त्याने पुढे जावे. आज होते ते उलट आहे. आधी सात-आठ वर्षे न झेपणारे शिकवायचे, मग ते जमले नाही म्हणून सूट द्यायची, आणि व्यवहाराचे शिकवायची वेळ येईतो मूल शाळेतून बाहेर पडलेले असते.

असे करण्याने वर्गातल्या बाकीच्या मुलांचे नुकसान होईल, ही भीतीही मी ऐकली आहे. मारिया माँटेसरी यांनी आपली पद्धत प्रथम रोममध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम करताना घडवली आणि मग ती सर्व मुलांसाठी वापरली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन करून याच विचाराला इथल्या मातीत रुजवले. आज ज्या बालवाडीत मणी, दांडे आणि चिंचोके हाताळत मुले संख्या शिकतात, तिथे त्या साधनांचा उगम कोणत्या मुलांमध्ये आहे हे क्वचितच कोणाला आठवते.

नाशिकला हे काम नवे नाही. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनीची शाळा इथे सुरू केली, त्या वेळी राज्यात अशा शाळा मोजक्याच होत्या. विशेष शाळांमध्ये पैसे, वेळ आणि मापे शिकवण्याची परंपरा आहे. अडचण आहे ती महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि खासगी अशा सर्वसाधारण शाळांत बसलेल्या मुलांची, जी समावेशित शिक्षणाच्या नावाखाली पटावर आहेत आणि ज्यांच्यापर्यंत विशेष शिक्षक अधूनमधून पोहोचतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे आणि त्यावरच्या स्तरांवर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे सांगितले. एकाच शिक्षकाकडे शाळांची लांबलचक यादी देऊन तो महिन्यातून एकदा फेरी मारतो, नोंदवहीत सही करतो आणि जातो, ही रीत या प्रमाणाशी जुळत नाही. नाशिक महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने आपापल्या शाळांपुरते हे प्रमाण आज किती आहे ते दरवर्षी जाहीर करावे, एवढी मागणी तरी पालकांनी लावून धरली पाहिजे.

त्याच्या जोडीला आठवड्यातली एक तासिका वर्गाबाहेर हवी. पंचवटीतल्या शाळेला गंगाघाट आणि गणेशवाडी पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, सातपूर-सिडकोतल्या शाळांजवळही भाजी बाजार भरतात. त्यासाठी बस, परवानगीचे ढीग आणि सहलीचा खर्च लागत नाही, एक शिक्षक, दोन पालक आणि प्रत्येक मुलाकडे पन्नास रुपये लागतात. मुलाला घाई न करता ‘किती झाले, दाखव बरं’ म्हणणाऱ्या भाजीवाल्या मावशी मला प्रत्येक बाजारात भेटल्या आहेत. त्यांना कोणी सांगावे लागले नाही. आवरावे लागते ते आपल्यालाच. मूल नोट चाचपडत असते, मागे रांग वाढते, आपल्याला लाज वाटते आणि आपण त्याच्या हातातली नोट काढून घेऊन पुढे करतो. हे मी स्वतः कितीदा केले आहे. त्या क्षणी वेळ वाचतो आणि मुलाला कळते, की हे आपले काम नाही.

येत्या जूनमध्ये शाळा सुरू होतील तेव्हा अशा प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात गणितासमोर नुसते ‘सोपी उदाहरणे’ असे न लिहिता वर्षअखेर हे मूल कोणत्या ठिकाणी, कोणाच्या मदतीने, काय करू शकेल हे लिहिले जावे : शाळेजवळच्या दुकानातून वीस रुपयांच्या आतली एक वस्तू एकट्याने आणील, आठाची बस पकडायची तर घरातून कधी निघायचे ते सांगेल, अर्ध्या किलोचे वजन हाताने ओळखेल. आणि मार्चमध्ये त्याची तपासणी त्या दुकानात, त्या थांब्यावर, त्या तराजूसमोर व्हावी. त्या दिवशी कॉलेज रोडवर भेटलेल्या आईची मुलगी आता बावीस वर्षांची आहे. तिच्याबरोबर गेल्या पावसाळ्यापासून मी पन्नासच्या नोटेवर काम करत आहे, आणि सध्या आम्ही दुसऱ्या पायरीवर आहोत.